श्रीलंका आणि सुदानच्या मधे

“तुमच्या देशात जा,” साहेब म्हणाले.

लिलीने पर्स उचलली, काठी घेतली आणि मला म्हणाली, “चल वहिनी. शांती नगरला जाऊ.”

परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या त्या साहेबांना वाटलं बाई उद्धट आहे. उद्धट ती होतीच, पण त्या वेळी नव्हती. तिला खरंच दुसरं काही सुचलं नाही. साहेबांनी तिला परत खाली बसवलं आणि टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला. कागद इंग्रजीत होता. मी चौथीपर्यंत शिकलेली, तेही गावच्या शाळेत. साहेबांनी माझ्याकडे बघून मराठीत सांगितलं. या बाई चिनी नागरिक आहेत. त्यांच्या इथं राहायच्या परवान्यावर माझगावचा पत्ता आहे. तिथं तपासायला माणूस गेला तर इमारतच नाही, पाडून टाकलीय. परदेशी माणसाने न कळवता पत्ता बदलणं हा गुन्हा. आता परवाना वाढवून मिळणार नाही. दिलेल्या मुदतीत देश सोडायचा. नाही सोडला तर पकडून ठेवावं लागेल आणि तिकडं पाठवायची व्यवस्था करावी लागेल.

“तिकडं म्हणजे?” लिलीने विचारलं.

“चीनला.”

“चीनला कुठं?”

“ते तुम्हाला माहीत असणार.”

“मला काय माहीत साहेब? मी विरारच्या पुढं गेले नाही कधी.”

साहेब वाईट माणूस नव्हता. तरुण होता, चेहऱ्यावर झोप होती. कागदावर जे होतं ते तो बोलत होता. कागदावर एक रकाना होता, राष्ट्रीयत्व. त्यात ‘चिनी’ लिहिलेलं होतं. सगळं त्या एका शब्दावर चाललं होतं.

कागद मिळाला म्हणून सही करायची होती. लिलीने पेन घेतलं आणि सही केली.     सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, आणि तिला सांगितलं होतं की ज्या देशात तू पाऊल ठेवलं नाहीस तिथं परत जा.

लिली चेन माझी शेजारीण. एकाच मजल्यावर, दारासमोर दार. आम्ही लालबाग सोडून मीरा रोडच्या शांती नगरात आलो त्याच वर्षी ती माझगावहून आली. तिचा बाप तरुणपणी चीनहून आलेला, दातांचं काम करायचा. माझगावात त्याचं दुकान होतं, बाहेर पाटीवर उघडा जबडा रंगवलेला. पोरं घाबरायची म्हणे. लिली त्याच्याच हाताखाली कवळ्या बनवायला शिकली. इथं आल्यावर भाईंदरचा एक डॉक्टर मापं घेऊन पाठवायचा आणि ती स्वयंपाकघरात ओट्यावर कवळ्या करायची. एका बाजूला भाताचा कुकर, दुसऱ्या बाजूला प्लास्टरचे जबडे वाळत घातलेले. पहिल्यांदा तिच्याकडे साखर मागायला गेले तेव्हा मी किंचाळले होते. ती म्हणाली, “चावत नाहीत ते. अजून बसवले नाहीत कोणाला.”

ती माणसाच्या तोंडाकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही. नावं तिच्या लक्षात राहत नसत. “तो नाही का, पटाशीत फट असलेला,” म्हणजे आमचा दूधवाला. “दाढ दुखतेय पण सांगत नाही ती,” म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची सून. टीव्हीवर कोणी भाषण करत असला की ही म्हणणार, “वरचे सहा खोटे आहेत. काम चांगलं केलंय.” भाषण काय होतं ते विचारलं तर सांगता येत नसे.

मराठी तिचं माझगावचं होतं, गोदीतल्या शिव्यांसकट. बोंबील माझ्यापेक्षा चांगले करायची. तिच्या घरात आईबापाचे फोटो होते, त्यांच्यापुढं उदबत्ती आणि संत्रं. आणि कोणतीही गोष्ट सांगा, कोणी काही कबूल केलं, कुठं स्वस्त मिळतंय, कोणाच्या मुलीला स्थळ आलंय, तिचं उत्तर एकच: “आधी चावून बघ.” कवळी तोंडात बसवली की ती माणसाला हेच सांगायची. नुसती आरशात बघू नको, चावून बघ.

मी तिला एकदा विचारलं होतं, लग्न का केलं नाहीस. आडपडदा मला जमत नाही.

“एक जण आला होता,” ती म्हणाली. “दात चांगले होते. त्याच्या आईने विचारलं, मुलगी कुठल्या देशाची? मी म्हटलं, ते ठरायचंय. ती म्हणाली, ठरलं की कळवा.”

“मग?”

“मग काय. अजून ठरायचंय.”

हे नीट कळायला मला माझे दात पडावे लागले. साठीला आले तेव्हा खालचे चारच उरले होते, तेही हलणारे. लिलीने माझी कवळी स्वतः करायची ठरवली. तिच्याकडे डिग्री नव्हती आणि लोकांच्या तोंडात हात घालायची परवानगी नव्हती, पण शेजाऱ्यांचं ती करायची. कवळीला बऱ्याच बैठका लागतात. आधी माप, मग मेणाचा पट्टा, मग दात लावून बघणं. मेण तोंडात असलं की बोलता येत नाही. मी बोलणारी बाई. इमारतीत माझ्यापुढं कोणाला वाक्य पुरं करता येत नाही. लिलीने ती संधी साधली. ज्याला कुठलाच देश नाही अशा माणसाचा कायदा काय आणि तो कसा कसा होत गेला, हे सगळं मी तोंडात मेण धरून ऐकलंय.

तिला हे शिकवलं डिमेलो वकिलांनी. माझगावचे म्हातारे वकील, तिच्या बापाचं गिऱ्हाईक. लिलीची केस तेच बघायचे, आणि एवढं मोठं प्रकरण कोणाला तरी समजावून सांगायची त्यांना हौस होती.

“हे बघ वहिनी,” ती म्हणायची, “हलू नको. पूर्वी माणूस बोटीत चढायचा, दुसरीकडे उतरायचा. फार कोणी विचारत नसे. मग पहिलं मोठं युद्ध झालं आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली. ज्याच्याकडे कागद तो आत. तिकडे रशियात राजाला घालवलं, नवीन सरकार आलं. जे पळून गेले होते त्यांना ते सरकार म्हणालं, तुम्ही आमचे नाही. लाखो माणसं. आता जिकडं जातील तिकडं विचारणार, कागद दाखव. कागद कोण देणार?”

मी घशातून आवाज काढला.

“गप. नॉर्वेचा एक माणूस होता. बर्फात पायी हिंडलेला. त्याने या लोकांसाठी एक कागद काढला. कागदावर देश नाही, पण शिक्का मारता येतो. डिमेलो म्हणायचे, जगाने पहिल्यांदा तेव्हा कबूल केलं की ज्याला देश नाही असाही माणूस असतो. तोपर्यंत तो कायद्यात नव्हताच.”

दुसऱ्या बैठकीला बायकांचं निघालं. पूर्वी बऱ्याच देशांत कायदा असा की बाईने परदेशी नवरा केला की तिचा देश गेला, नवऱ्याचा तो तिचा. पण नवऱ्याच्या देशाचा कायदा तिला घ्यायला तयार नसला तर? इथलं नाव काढलेलं, तिथं चढलेलं नाही. मेण काढल्याबरोबर मी म्हटलं, “म्हणजे माहेर तुटलं आणि सासरच्यांनी माप ओलांडू दिलं नाही.”

लिली हसली. “हां, तेच. दाराबाहेर उभी. पण यात सासरचं नाव पण तुला कोणी सांगत नाही.”

जर्मनीचं तिने हसत सांगितलं नाही. तिथल्या ज्यू लोकांचा देश आधी कायद्याने काढून घेतला, मग त्यांना मारलं. डिमेलोंनी तिला हा क्रम पाठ करायला लावला होता. आधी कागद, मग माणूस. देश असलेल्या माणसाला हात लावला तर कोणीतरी विचारायला येतं.

“युद्ध संपल्यावर सगळे देश एकत्र बसले,” ती माझ्या हिरडीवर बोट फिरवत म्हणाली. “लिहून काढलं, प्रत्येक माणसाला देशाचा हक्क आहे. चांगलं लिहिलंय. फक्त कोणी द्यायचा ते लिहायचं राहिलं. नंतर दोन करार झाले. एक, ज्यांना देश नाही त्यांना कसं वागवायचं त्याचा. दुसरा, अशी नवी माणसं होऊ नयेत म्हणून. आपण दोन्हींवर सही केलेली नाही.”

‘आपण’ म्हणाली ती. भारताबद्दल बोलताना तिच्या तोंडात दुसरा शब्द मी ऐकला नाही.

तिचं स्वतःचं असं झालं होतं. बाप ज्या सरकारचा पासपोर्ट घेऊन आला त्या सरकारला चीनमधून घालवलं, ते एका बेटावर जाऊन बसलं. नव्या सरकारचा कागद बापाने घेतला नाही. जुन्याचा इथं चालेना. लिली माझगावात जन्मली, आपलं संविधान लागू व्हायच्या थोडं आधी. तिचा भाऊ त्यानंतर जन्मला. भाऊ जन्माने भारतीय ठरला, पासपोर्ट काढून कॅनडाला गेला. हिला सांगितलं, तुझा बाप परदेशी होता, म्हणून तू पण. एकच आई, एकच बाप, एकच सुईण. पुढं चीनशी लढाई झाली तेव्हा चिनी नावाच्या सगळ्यांना पोलीस चौकीत हजेरी लागली. तेव्हा लिली शाळेत होती. तिच्या परवान्यावर कोणीतरी ‘चिनी’ लिहिलं आणि तेच दरवर्षी पुढं उतरवलं गेलं. डिमेलो म्हणायचे, हा शब्द काढायला हवा. चिनी लिहिलंय तोपर्यंत तुला कधीही चीनला पाठवता येईल. ‘कुठलाच देश नाही’ असं लिहून घे, मग पाठवायला जागा नाही. पण त्यासाठी आधी चीनच्या सरकारकडून ‘ही आमची नाही’ असं आणावं लागेल.

ते ती करत नव्हती. बापाला लाज वाटली असती म्हणायची. डिमेलो वारले, बाप त्याआधीच वारला होता, तरी ती गेली नाही. “मी स्वतःच्या पायाने जाऊन विचारू, की मला ओळखत नाही ना? भिकारीण पण असं विचारत नाही वहिनी.”

आणि मग ती मीरा रोडला आली. माझगावची इमारत मोडकळीला आली होती, भावाने त्याच्या नावावर इथं फ्लॅट घेतला. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपते, ठाणे जिल्हा लागतो. आमच्यासारख्यांना त्याने काय फरक पडतो? मुंबईची टॅक्सी पुढं यायला कुरकुर करते, एवढाच. गावी कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, मुंबईला असतो. शांती नगरात सगळे असंच सांगतात. मीरा रोड सांगितलं की गावचा माणूस विचारतो, ते कुठं आलं? मग नकाशा काढण्यापेक्षा मुंबई बरी. लिली पण तसंच सांगायची. फक्त ती ते सरकारी ऑफिसात सांगायची. दरवर्षी कारकून विचारणार, “पत्ता?” ही म्हणणार, “मुंबईच.” तो शिक्का मारणार. तिच्या मनात खोट नव्हती. तिलाही वाटत होतं मीरा रोड म्हणजे मुंबईच.

परवाना मुंबईपुरता होता. हद्दीबाहेर रात्र काढायची तर आधी कळवायला हवं. म्हणजे ती इतकी वर्षं रोज रात्री स्वतःच्या पलंगावर बेकायदा झोपत होती.

मधे एक गोष्ट झाली ती सांगते. सीमेवर काहीतरी घडलं होतं आणि टीव्हीवर चिनी मालावर बहिष्कार चालला होता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई, चांगला माणूस, पण टीव्ही बघून तापतो. त्यांनी खाली सभा बोलावली. चिनी दिव्यांच्या माळा, खेळणी, काय असेल ते आणून टाका, होळी करू. आठ-दहा माळा आणि एक रिमोटची गाडी जमली. फोन कोणी आणला नाही. सगळ्यांचे डोळे चुकून लिलीच्या खिडकीकडे जात होते. कोणी काही बोललं नव्हतं, पण त्या आठवड्यात तिच्या दारावर खडूने काहीबाही लिहिलेलं मी दोनदा पुसलं होतं.

लिफ्ट उघडली आणि लिली बाहेर आली. हातात मोठं पातेलं, अर्धं पाण्याने भरलेलं. ते तिने शाहभाईंच्या टेबलावर ठेवलं.

“शाहभाई, मैं भी माल जमा करने आयी. जिस जिस के मुंह में मेरा माल है, इसमें डाल दो. पानी साफ है.”

शाहभाई पातेल्यात वाकून बघायला लागले.

“ऊपर का सेट आपका, शाहभाई. नीचे का आपकी मिसेस का. गोखले काका, तुमचे दोन्ही. वहिनी, तू पण.” मग सगळ्यांकडे वळून मराठीत, “लाजू नका. संध्याकाळी सगळ्यांना पेज पाठवते.”

शाहभाईंनी तोंड घट्ट मिटलं. पहिल्यांदा त्यांची बायको हसली, तोंडावर हात ठेवून, दात सांभाळून. मग सगळेच. माळा ज्याने त्याने परत नेल्या. लिली मात्र हसली नाही. वर आल्यावर तिने पातेलं घासलं आणि म्हणाली, “आज हसले. चावून बघायला पाहिजे.” त्या रात्री तिने दाराला आतून साखळी लावलेली मी पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तो देश सोडायचा कागद आला. म्हणजे आता चावून बघायची वेळ आलीच.

ऑफिसातून आल्यावर ती दोन दिवस दाराबाहेर आली नाही. मी तिच्या घरी जाऊन बसायचे. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून मी भाजी निवडत बसले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “जाते त्यांच्याकडे. विचारते.”

“कोणाकडे?”

“चीनच्या कचेरीत.”

पांढरा ब्लाउज, फुलाफुलांचा स्कर्ट, ओठाला रंग. परवान्याच्या दिवशी ती अशीच जायची, लग्नाला निघाल्यासारखी. मीही गेले. तिथल्या खिडकीतला मुलगा तिचा चेहरा बघून भराभर चिनी बोलायला लागला. लिलीला त्यातलं अक्षर कळेना. बापाची भाषा वेगळ्या मुलखाची, तीही तिला जेवणापुरती येत होती. ती म्हणाली, “हिंदी में बोलो ना भैया.” मुलगा गोंधळला. मग त्याने मोडकं इंग्रजी काढलं, हिने माझगावचं इंग्रजी काढलं. बापाचं नाव, त्याच्या गावाचं नाव, जे होतं ते सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, पोस्टाने कळवू.

बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहिली. “बापाच्या गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं,” म्हणाली. “मी तीनदा सांगितलं.”

पत्र आलं तेव्हा मुदत संपत आली होती. चीनच्या नोंदीत या नावाची, या बापाची कोणी मुलगी सापडत नाही, या बाई आमच्या नागरिक आहेत असं आम्ही म्हणू शकत नाही. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, मला मराठीत सांगितलं, पायात चपला घातल्या आणि खाली गेली. परत आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. प्रत्येक दारावर गेली.

शाहभाईंनी पेढा हातात घेतला. “किस खुशी में, लिलीबेन?”

“चायना बोला, मैं उनकी नहीं.”

“अच्छा. तो अब इंडिया की हो गयी?”

“नहीं. उनकी भी नहीं.”

शाहभाई पेढा धरून उभेच राहिले. “किसी की नहीं, तो पेंडा कायका?”

“खाओ ना,” लिली म्हणाली. “अब भेजेंगे कहां?”

त्या माणसाने पेढा खाल्ला, मग आत जाऊन सोसायटीचा कागद घेऊन आला. या बाई इथं इतकी वर्षं राहतात, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही, असं लिहून स्वतः सही केली आणि मजल्या-मजल्यावर फिरून सगळ्यांच्या घेतल्या. खडूने लिहिणारा कोण होता ते मला माहीत आहे. त्याचीही सही त्यात आहे. मी नाव सांगणार नाही, तो आता सुधारलाय किंवा घाबरलाय.

परत त्याच साहेबांकडे गेलो. साहेबांनी चीनचं पत्र दोनदा वाचलं.

“मग तुमचा देश कोणता लिहू?”

“कुठलाच नाही.”

“असं रिकामं सोडता येत नाही. कॉम्प्युटर पुढं जात नाही.”

“रिकामं नको सोडू, बाळा. नाही म्हणून लिही.”

साहेबांनी कॉम्प्युटरवर जगातल्या देशांची यादी काढली. पडदा आमच्या बाजूला वळवला होता. एकेक नाव वर सरकत होतं. मला इंग्रजी अक्षरं नीट लागत नाहीत, साहेब बारीक आवाजात वाचत होते. चीन येऊन गेलं, लिलीने बघितलं नाही. भारत येऊन गेला, तेव्हा बघितलं. पुढं कितीतरी देश, मी नावं पण ऐकली नव्हती. मग साहेब म्हणाले, “श्रीलंका,” आणि थांबले.

“पुढचं काय आहे?” लिलीने विचारलं.

“सुदान आहे त्याच्या पुढं.” साहेब पडद्याजवळ वाकले. “मधे आहे एक. स्टेटलेस.”

लिली काठी टाकून उठली. पडद्यावर बोट ठेवलं, कवळी नीट बसली का बघायला हिरडीवर ठेवायची तसं. “हेच. डिमेलो सांगायचे ते हेच. आहे ना यादीत.”

“मी नोकरीत आल्यापासून हे कधी दाबलं नाही,” साहेब म्हणाले.

“आता दाब.”

त्याने दाबलं. तो देश सोडायचा कागद लगेच रद्द झाला नाही, वर पाठवायला लागला, दोन-तीन खेपा झाल्या. पण साहेबांनी वर लिहिताना लिहिलं की पाठवायला देश नाही, आणि तेवढ्यावर अडलं ते अडलंच. पुढं तिचं प्रकरण नाक्याच्या अलीकडे, आमच्या ठाणे जिल्ह्याच्या कचेरीत आलं. वर्षाचा परवाना, शांती नगरच्या पत्त्यावर. त्या रात्री ती पहिल्यांदा कायद्याने आपल्या पलंगावर झोपली. मी सकाळी विचारलं, झोप कशी लागली? “डास होते,” म्हणाली.

नागरिक व्हायचाही अर्ज तिने टाकला. त्यात मागचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागत होते. तिने लिहिलं, सोडायला नव्हतंच. त्यावर पुन्हा विचारणा आली, सोडल्याचा पुरावा जोडा. तो अर्ज असाच येत-जात राहिला. तिची ओळख सांगणारी म्हणून मलाही बोलावलं होतं. मी भारतीय कशी, हे मला कोणी विचारलं नाही. माझ्याकडे जन्माचा दाखला नाही. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने तारीख टाकली, ती अजून चालते. तिच्याकडे सुईणीचं नाव, दवाखान्याची नोंद, सगळं होतं. मला माझ्या तोंडावरून सोडलं आणि तिला तिच्या तोंडावरून धरलं. यात मला काही समजावून सांगायची गरज नाही.

मागच्या वर्षी तिला पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. ती म्हणाली, “नाक्यापलीकडे नको. परवानगी काढावी लागेल.” आम्हाला वाटलं चेष्टा करतेय. करतही होती. पण गेली नाही. भावाला कॅनडात फोन लावून दिला, त्याच्याशी मराठीत बोलली. लहानपणापासून दोघांची बोलायची भाषा तीच.

परवान्याची तारीख त्या आजारपणातच आली. मी म्हटलं, राहू दे, मी सांगते बाई आजारी आहे. ऐकली नाही. पांढरा ब्लाउज आता खांद्यावरून उतरत होता, मी मागून पिन लावली. ओठाला रंग तिने स्वतः लावला. रिक्षात बसवलं, शाहभाई पुढं ड्रायव्हरच्या बाजूला टेकून बसले, तसं बसायचं नसतं तरी. खिडकीवर नवीन मुलगी होती. तिने कागद बघितला, वर न बघता यादी खाली खाली नेली आणि बरोबर जागेवर थांबून दाबलं. काही विचारलं नाही.

लिली तिच्याकडे बघत होती. “खालची अक्कलदाढ येतेय तुला,” तिला म्हणाली. “मीठ-पाण्याने चूळ भर.” मुलीने दचकून गालाला हात लावला.

येताना रिक्षात ती झोपली. तोंड थोडं उघडं होतं. तिचे स्वतःचे सगळे दात शेवटपर्यंत होते, बत्तीसच्या बत्तीस. दिसले तेवढे मी तेव्हा मोजले. तसं बसलेलीच मला ती आठवते, परवाना मांडीवर, काठी माझ्या पायावर टेकलेली.

पुढच्या पौर्णिमेच्या आत ती गेली. नाक्याच्या अलीकडेच जाळली, तिने सांगितलं होतं तसं. स्मशानात पास लिहिणाऱ्याने नाव, वय, पत्ता आणि आजार विचारला. देश विचारला नाही. शाहभाईंनी सवयीने सांगायला तोंड उघडलं होतं, ते परत मिटलं.

माझी कवळी आता थोडी सैल झालीय. भाईंदरचा डॉक्टर म्हणतो नवीन करू. बघेन.

हे सगळं जिच्या वाट्याला आलं ती लिली चेन. माझगावात जन्मली, मीरा रोडला वारली, मधे कधी देशाबाहेर गेली नाही.